हद्दवाढीआधी गावाशी लेखी करार करा

संपादक महोदय,

नागपूर महानगरपालिकेच्या हद्दवाढीचा विषय अधूनमधून निघतच असतो आणि हिंगणा तालुक्यातील गोधनी-लाडगाव शिवारात ‘नवीन नागपूर’ वसवण्याचा निर्णय झाल्यापासून शहरालगतच्या गावांत आपला नंबर कधी लागणार, याची कुजबुज वाढली आहे. याच पट्ट्यात ग्रामसेवक म्हणून नोकरी केलेल्या माणसाचे म्हणणे एवढेच आहे की, गाव शहरात घेण्यापूर्वी गावाशी लेखी करार व्हावा आणि तो गावकऱ्यांना आधी वाचायला मिळावा.

हे इतरत्र घडलेले आहे. फिनलंडच्या पूर्व भागात सावोनरांता नावाची सुमारे बाराशे वस्तीची ग्रामीण पालिका होती. १ जानेवारी २००९ रोजी ती सावोनलिन्ना शहरात विलीन झाली. दोघांच्या हद्दी एकमेकींना लागूनही नव्हत्या, म्हणून मधल्या एनोनकोस्की पालिकेची सुमारे ३१ चौरस किलोमीटरची पट्टी शहराकडे वर्ग करून सलग हद्द तयार करण्यात आली. त्या एका दिवसात देशातील पालिकांची संख्या ४१५ वरून ३४८ झाली, इतकी ही लाट मोठी होती. पुढे २०१३ मध्ये केरिमॅकी आणि पुंकाहार्यु या शेजारच्या पालिकाही याच शहरात आल्या. केरिमॅकीत १८४७ साली पूर्ण झालेले, तीन हजारांहून अधिक लोक बसू शकतील असे प्रचंड लाकडी चर्च आहे. पालिका गेली तरी ते केरिमॅकीचे चर्च म्हणूनच ओळखले जाते आणि टपालाच्या पत्त्यातही गावाचे नाव टिकून आहे.

तिथल्या कायद्यात विलीनीकरणाचा करार असतो. प्रशासन कसे चालेल, जुन्या भागाला प्रतिनिधित्व कसे मिळेल, सेवा कशा पुरवल्या जातील, पैशाची व्यवस्था काय आणि कर्मचाऱ्यांचे काय होणार, हे त्यात लिहावे लागते. प्रस्ताव तीस दिवस लोकांसमोर ठेवून हरकती घेतल्या जातात. त्या काळातील विलीनीकरणांनंतर पाच वर्षे कर्मचाऱ्यांच्या नोकरीला संरक्षण होते. तिकडची खेडी ओस पडत चालली आहेत आणि आपली लेआउटांनी फुगत आहेत, हा फरक मला मान्य आहे. पण तो लक्षात घेतला तर कराराची गरज आपल्यालाच अधिक आहे.

त्याच २०१३ साली आपल्याकडे हुडकेश्वर आणि नरसाळा महापालिकेत आले. हरकती-सूचना आपल्याकडेही मागवल्या जातात, मात्र त्या हद्दीच्या रेषेवर असतात, रेषेच्या आत काय मिळणार यावर नसतात. नव्याने आलेल्या भागाचा मालमत्ता कर टप्प्याटप्प्याने वाढवून शहराच्या दराला नेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. म्हणजे कराला वेळापत्रक आहे. नळाचे पाणी कोणत्या वर्षी येईल, गटार कधी होईल, लेआउटमधले रस्ते केव्हा ताब्यात घेतले जातील, याला मात्र तसे वेळापत्रक नाही. हा असमतोल मला सर्वांत जास्त खटकतो.

दप्तराच्या हस्तांतरणाकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. ग्रामपंचायत बंद होते तेव्हा नमुना आठची, म्हणजे घरपट्टी आकारणीची रजिस्टरे, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आणि ठरावाची पुस्तके कापडात बांधून, यादीवर सह्या घेऊन नव्या कार्यालयात जातात. मग आयुष्यभर घरपट्टी भरलेली एखादी म्हातारी वारसाची नोंद करायला गेली की, ‘तुमचे घर आमच्या रजिस्टरला नाही’ असे तिला ऐकावे लागते. गठ्ठा तिथेच कपाटात असतो, पण तो उघडून नोंदी चढवण्याची जबाबदारी आणि मुदत कोणावरच टाकलेली नसते. करारात हे एक कलम जरी असले तरी शेकडो लोकांचे हेलपाटे वाचतील.

प्रतिनिधित्वाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर दीर्घकाळ प्रशासकांचाच कारभार होता. विलीन झालेल्या गावाने सरपंच आणि ग्रामसभा आधीच गमावलेली, त्यात नगरसेवकही नाही, अशा वेळी माणसाने जायचे कोणाकडे? फिनलंडमधील रोवानिएमी शहराने २००६ मध्ये भोवतालची ग्रामीण पालिका सामावून घेतली, तेव्हा केमी नदीच्या वरच्या अंगाच्या खेड्यांसाठी १९९३ पासून चालत आलेली क्षेत्रीय समिती मोडली नाही. शाळा, वाचनालय यांसारख्या स्थानिक सेवांत त्या खेड्यांचे म्हणणे राहिले. आपल्या कायद्यातही क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या त्या-त्या भागातील मतदारांच्या सभेची तरतूद आहे, ती निदान विलीन गावांत तरी अमलात आणावी.

पुण्यात २०१७ मध्ये घेतलेली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे पुढे महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करावी लागली. नागपूरवर ती वेळ येऊ नये यासाठी राज्य शासनाने हद्दवाढीची अधिसूचना काढण्यापूर्वी प्रत्येक गावासाठी सेवांचे वर्षनिहाय वेळापत्रक, दप्तराच्या नोंदी चढवण्याची मुदत आणि ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या समावेशनाच्या अटी लेखी ठरवाव्यात आणि तो मसुदा त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक, नागपूर