सड्यावरची डबकी आणि तुझे चौथे वर्ष

चि. लेकीस आईचे अनेक आशीर्वाद.

पाच सत्रांचे गुण पाहता सहाव्या सत्राअखेर तू शोधप्रकल्पासाठीची ७५ टक्क्यांची अट पूर्ण करशील, यात मला शंका नाही. तरीही ऑनर्सच्या चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा शोधप्रकल्प सोडून त्याऐवजी प्रगत विषयांचे पेपर घ्यावेत, असे तू परवा फोनवर म्हणालीस आणि संख्याशास्त्राची धास्ती वाटते हेही मोकळेपणाने सांगितलेस. पेपर घेणे कमीपणाचे मुळीच नाही. परंतु आंबोलीच्या सड्यावरील, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरील, त्या छोट्या टोडविषयी (बेडकाच्या जातभाईविषयी) तू गेली दोन वर्षे ज्या ओढीने बोलते आहेस ती पाहता, केवळ धास्तीपोटी माघार घेऊ नकोस, एवढेच माझे सांगणे आहे.

ज्या संख्याशास्त्राला तू घाबरतेस त्याचे मर्म सूत्रांत नाही, मोजायचे काय हे ठरवण्यात आहे. समज, तू पाच डबक्यांतून वीस-वीस असे शंभर बेडूकमासे मोजलेस. वहीत आकडे शंभर भरतील, पण डबक्याच्या परिस्थितीचा परिणाम पाहायचा असेल तर पुरावा पाचांचाच. कारण एका डबक्यातल्या पिल्लांचे पाणी एक, ऊन एक, आणि कित्येक तर एकाच मादीच्या अंड्यांतली भावंडे. स्टुअर्ट हर्लबर्ट या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले, तेव्हा त्यांपैकी २७ टक्के अभ्यासांत नेमकी हीच, एका जागच्या अनेक नोंदींना वेगवेगळा पुरावा मानण्याची चूक आढळली. जाणत्यांच्या हातूनही जे निसटते ते तुला आजच अवघड वाटले तर त्यात नवल नाही. मात्र पिल्ले कमी मोजलीस तरी चालेल, डबकी वाढव, हे तू पावसाआधी ठरवले पाहिजेस, कारण नंतर कोणतेही सॉफ्टवेअर ती उणीव भरून काढू शकत नाही.

पावसाआधी म्हणते, कारण हा टोड विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. पहिल्या सरींनी जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचले की तो अंडी घालतो. ते दिवस हुकले तर तुझ्या हाती वर्षभरात दुसरी संधी नाही. २००९ मध्ये ज्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन झाले आणि जो आज अतिसंकटग्रस्त मानला जातो, त्याला हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. लांबून निरीक्षण, पाण्याचे तापमान, खोली, आणि शेजारी पट्टी ठेवून काढलेले छायाचित्र, इतक्यावर एक प्रामाणिक प्रकल्प उभा राहू शकतो. वनविभागाकडे परवानगीचा अर्ज मात्र मार्गदर्शकांच्या सहीने याच महिन्यात जाऊ दे.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नव्हती. एम.एस्सी.च्या वेळी मी ओढ्याच्या पाण्याचे तापमान सुट्या कागदांवर शाईच्या पेनाने टिपत असे. एका दुपारी पिशवीत पाणी शिरले आणि चार नोंदी निळ्या डागांत विरघळून गेल्या. रात्री खोलीवर बसून मी ते चार आकडे आठवणीने भरले. खरे सांगायचे तर शेजारच्या नोंदींशी जुळतील असे बेतले. परीक्षकांनी काहीच विचारले नाही, गुणही चांगले मिळाले, पण तो आलेख मला आजही पाहवत नाही. त्या चार जागा कोऱ्या ठेवून कारण लिहिले असते तर काय बिघडणार होते? तुझ्याही वहीत कोऱ्या जागा राहतील. सड्यावरचे धुके आणि पाऊस काही दिवस तुला उभेही राहू देणार नाहीत. त्या दिवसापुढे तारीख घालून ‘नोंद नाही’ असे लिही.

सोबत पुठ्ठ्याची वही, चार पेन्सिली आणि माझा थर्मामीटर पाठवत आहे. तो प्रयोगशाळेतल्या थर्मामीटरशी एकदा ताडून घे. बरीच वर्षे वापरात नव्हता. मार्गदर्शकांशी बोलणे झाले की लगेच कळव.

तुझी आई