एका पातेल्यावर उभी दुकानं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास, थोरला मागे लागलाय. मिसळीच्या जोडीला पावभाजी, डोसा, चायनीज सगळं ठेवूया, नाहीतर समोर नवं हॉटेल झालंय ते गिऱ्हाईक ओढून नेईल. यावर दोन वाक्यांत उत्तर देण्यात अर्थ नव्हता, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. व्हिएतनाम फिरताना तुझी इतक्या वेळा आठवण झाली, की हे पत्र तसंही लिहिणारच होतो. तिथे तुझ्या जातकुळीची माणसं गल्लोगल्ली भेटली.

हनोईत होआन किएम तळ्याच्या उत्तरेला जुनं शहर आहे. छत्तीस गल्ल्यांचं शहर म्हणतात त्याला. बऱ्याच गल्ल्यांची नावं 'हांग'ने सुरू होतात आणि पुढे तिथे विकल्या जाणाऱ्या मालाचं नाव येतं. हांग बाक चांदीवाल्यांची, हांग डुओंग साखरवाल्यांची, हांग मा पूजेच्या कागदी सामानाची. पूर्वी एकेका गावचे कारागीर येऊन एकेका गल्लीत बसले, म्हणून ही नावं. आज बहुतेक ठिकाणी माल बदललाय, पण खाण्याच्या धंद्यात ती जुनी शिस्त टिकून आहे. एका दुकानात एक पदार्थ. पाटीवर पदार्थाचं नाव आणि खाली मालकाचं नाव किंवा नुसता घराचा नंबर. आपण बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर टेकायचं, बोटांनी किती वाट्या ते दाखवायचं, की झालं.

सुरुवात फोपासून करतो, कारण तुला त्यातलं सगळ्यात जास्त कळेल. फो म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया आणि हाडांचा रस्सा. तुला भट्टीची सवय आहे म्हणून सांगतो, सगळं कसब त्या पातेल्यात आहे. हाडं तासन् तास मंद आचेवर उकळतात, बऱ्याच ठिकाणी रात्रभर. आलं आणि कांदा सालीसकट निखाऱ्यावर काळे पडेपर्यंत भाजायचे, करपलेली साल काढून रश्शात सोडायचे. मग चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची, धणे. वर येणारा फेस कोणीतरी सतत काढत असतं. इतका मसाला पडूनही रस्सा चहासारखा स्वच्छ दिसतो, वाटीचा तळ दिसतो. तिखट नाही, तेलाचा तवंगही नाममात्र. पहिला घोट घेतला आणि वाटलं, हा रस्सा करणाऱ्याला घाई नावाची गोष्ट माहीत नाही.

मी कोंबडीचाच खाल्ला. मूळचा फो गोमांसाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाम दिन्ह आणि हनोई या भागात तो आकाराला आला. तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या फ्रेंच साहेबांना मांस लागायचं, हाडं उरायची, त्या हाडांचं गरिबांनी हे सोनं केलं. पुढे 1939 मध्ये आठवड्यातले काही दिवस गोमांसाची विक्री बंद झाली, तेव्हा दुकानदारांनी कोंबडीचा फो काढला. आणि युद्धकाळात, रेशनच्या दिवसांत, सरकारी खानावळींतून मांसाचा तुकडाही नसलेला फो मिळायचा. लोक त्याला 'बिनपायलटचा फो' म्हणायचे, कारण तेव्हा अमेरिकेची बिनपायलटची विमानं डोक्यावरून टेहळणी करत फिरत. 1986 ला सरकारने आर्थिक धोरण बदललं, खासगी धंद्याला मोकळीक मिळाली आणि घराघरांतल्या बायकांनी उंबऱ्याबाहेर शेगड्या मांडल्या. आज फूटपाथवर जी गर्दी दिसते ती त्यानंतर फोफावलेली. एवढे हाल सोसून आलेला पदार्थ आहे तो, म्हणून त्या लोकांना त्याचा इतका अभिमान. मला तो अभिमान फार आवडला.

आणि हे ऐक. व्हिएतनामच्या चक्रीफुलाचं आणि दालचिनीचं भारत हे फार मोठं गिऱ्हाईक आहे. चक्रीफूल चीनच्या सीमेजवळच्या लांग सोनचं, दालचिनी येन बायच्या डोंगरातली. तुझ्या कांदा-लसूण मसाल्यात दरवर्षी जे चक्रीफूल पडतं, ते तिकडच्याच झाडाचं असण्याची बरीच शक्यता आहे. बाजारात पोत्यातून वास आला आणि मला थेट तुझ्या घरची मसाला कुटायची दुपार आठवली.

सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला पातेलं संपलं, की कित्येक फोवाले स्टुलं एकात एक घालून बंद करतात. दुपारी त्याच तुकड्यावर दुसरीच बाई बुन चा घेऊन बसते. डुकराच्या मांसाच्या चपट्या वड्या आणि काप कोळशाच्या शेगडीवर जाळीत धरून भाजायचे, एका हाताने पंखा चालूच. धुराने अख्खी गल्ली भरते, वासानेच दुकान सापडतं. भाजलेलं मांस कोमट, आंबट-गोड पाण्यात टाकून देतात. ते पाणी म्हणजे नुओक माम (माशाचा अर्क, त्याबद्दल पुढे सांगतो), साखर, व्हिनेगर यांचं मिश्रण, त्यात कच्च्या पपईचे काप. सोबत तांदळाच्या बारीक शेवया आणि परडीभर पाला. 2016 मध्ये ओबामा हनोईत याच पदार्थाला बसले होते, त्या दुकानाने त्यांचं टेबल काचेत ठेवलंय. मला एका बोळातल्या, नावही न वाचता आलेल्या दुकानातला जास्त आवडला.

पाल्याबद्दल मात्र नीट सांगायला हवं. पुदिना, कोथिंबीर, तुळशीच्या जातीची पानं, लेट्यूस, आणि ज्यांना आपल्याकडे नावच नाही अशा कितीतरी. सगळी कच्ची, ओली, ताजी. कुठलं पान किती खुडायचं, लिंबू किती पिळायचं, मिरची-लसणाचं व्हिनेगर घालायचं की नाही, हे खाणाऱ्याने ठरवायचं. तुझ्याकडे गिऱ्हाईक जसं कट किती, कांदा किती, लिंबू किती हे आपल्या हाताने जुळवतं, तसंच. बनवणारा पदार्थ नव्वद टक्के आणून देतो, उरलेला आपल्यावर विश्वासाने सोडतो. शेजारी बसलेल्या एका आजींनी माझी वाटी पाहिली, न बोलता दोन पानं खुडून त्यात टाकली आणि मान हलवली. त्यांचं बरोबर होतं.

नुओक माम म्हणजे माशाचा अर्क. छोटे मासे आणि मीठ मोठमोठ्या लाकडी पिंपांत जवळजवळ वर्षभर मुरवतात, खालून जो पाझरतो तो तांबूस रस. फू क्वोक बेटावरचा नावाजलेला. उघड्या बाटलीचा वास उग्र येतो, पण पदार्थात गेला की मीठ, आंबट आणि गोड यांना एकत्र बांधून ठेवतो. सुकट-जवळ्यावर वाढलेल्या आपल्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही.

वहिनींची तू काळजी करतोस, माळकरी आहेत म्हणून. त्यांचीही सोय आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावस्या-पौर्णिमेला, तिथले पुष्कळ बौद्ध लोक मांस खात नाहीत. त्यासाठी शाकाहारी खानावळी असतात. पाटीवर 'चाय' लिहिलेलं असतं, चहाचा तिथे संबंध नाही. टोफू, अळंबी, फणस, शेंगदाणे, मूग यांचं इतकं काही करतात की वहिनी वही काढून लिहून घेतील. साध्या दुकानात मात्र नुसती भाजी मागितली तरी त्यात नुओक माम पडतो, म्हणून त्यांच्यासाठी पाटी बघूनच आत शिरायचं. रोजच्या जेवणात लसणावर परतलेली एक पालेभाजी सगळीकडे दिसते. नीट पाहिलं तर ती आपली नाळीची भाजी निघाली.

रस्त्यावरचं जगणं किती सांगू! पहाटे पाचला तळ्याभोवती म्हाताऱ्या बायका गाणी लावून कवायत करतात, पुरुष फूटपाथवर बॅडमिंटनची जाळी बांधतात. शंकूच्या टोप्या घातलेल्या बायका खांद्यावर कावड घेऊन फिरतात. एका पारड्यात चिकट भात, दुसऱ्यात फळं किंवा गरम टोफूचा साखरपाकातला गोड पदार्थ. स्कूटरचा लोंढा थांबतच नाही. रस्ता ओलांडायचा तर एका संथ चालीने पुढे जात राहायचं, मध्येच थांबायचं किंवा पळायचं नाही, गाड्या आपोआप बाजूने वाहतात. दुपारी त्याच बुटक्या स्टुलांवर बँकेतला साहेब आणि स्कूटरवर सवारी नेणारा गुडघ्याला गुडघा लावून बर्फाचा चहा पीत असतात. एवढ्या खाली, एवढ्या जवळ बसल्यावर माणसं बोलतातच.

तुझ्या फिल्टर कॉफीच्या वेडासाठी एक खास. 1946 मध्ये, दूध मिळेनासं झालं तेव्हा, मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या ग्यांग नावाच्या गृहस्थाने अंड्याचा बलक आणि साखर फेटून कडक कॉफीवर घातली. ती अंड्याची कॉफी. पुढे त्यांनी स्वतःचं दुकान काढलं, ते अजून घरच्यांच्याच हातात आहे. वरचा थर चमच्याने खायचा, मग खालची कडू कॉफी. अंड्याचा वास अजिबात येत नाही.

मध्य व्हिएतनाममधल्या होई आनला काव लाऊ खाल्लं, जाड पिवळसर शेवया आणि अगदी थोडा रस्सा. तिथली माणसं सांगतात, खऱ्या काव लाऊला एका ठराविक जुन्या विहिरीचंच पाणी लागतं. तिथून 'मी सोन' नावाच्या ठिकाणची, चाम या जुन्या हिंदू राजांची शिवमंदिरं जवळ आहेत. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे जीर्णोद्धाराचं काम केलंय, 2020 मध्ये त्यांना नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. युद्धात बाँब पडून मोडलेल्या विटांच्या शिखरांपुढे मी नुसता उभा राहिलो.

सायगावात कॉम ताम, म्हणजे तांदळाच्या कणीचा भात. सडताना मोडलेला तांदूळ विकला जात नसे, तो गरिबांच्या वाट्याला यायचा. आज त्यावर भाजलेलं मांस आणि पातीच्या कांद्याचं तेल घालून सगळं शहर आवडीने खातं. दक्षिणेत चव जरा गोडाकडे झुकते, मला हनोईच जवळची वाटली.

आता थोरल्याचं. त्याची भीती खोटी नाही, भाडं आणि पगार तुम्हालाच भरायचे आहेत. पण त्याला एवढं विचार, डोशाचं पीठ, मंचुरियनची कढई आणि तव्यावरची भाजी सांभाळताना पहाटे कटाकडे कोण बघणार? हनोईत एका बोळात चार फोवाले शेजारी शेजारी बसतात, आणि प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. समोर नवं दुकान आलं तर ते पदार्थ वाढवत नाहीत, पातेल्याकडे अजून लक्ष देतात. माझं मन विचारशील तर मिसळच ठेव. वाढवायचंच असेल तर बसायची जागा वाढव, पहाटे तासभर आधी उघड. थोरल्याला राग येणार असेल तर हे पत्र त्यालाच वाचायला दे, माझ्यावर ढकल.

पासपोर्टचं काम मात्र या महिन्यात कर. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, व्हिसा घरबसल्या ऑनलाइन होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हनोईची हवा छान असते, पण त्याच दिवसांत होई आनला पुराचं पाणी चढतं, म्हणून आपण उत्तरेतच राहू.

सोबत येन बायची दालचिनी पाठवतोय. साल जाड आहे आणि आपल्या नेहमीच्यापेक्षा गोडसर, तेव्हा आधी निम्मीच घालून बघ. कट कसा झाला ते कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र