सोलकढीत दूध आहे का, एवढंच विचारलं होतं

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय : तुमच्या सीफूड हॉटेलच्या ठाण्याच्या शाखेत ‘व्हीगन’ म्हणून वाढलेली दुधाची सोलकढी आणि त्यावर तुमच्या माणसांनी दिलेली उत्तरं

तुमच्या ग्राहक सेवेतल्या माणसाने मधेच फोन कट केला, म्हणून हे पत्र. तक्रार क्रमांक तुमच्याकडे नोंदलेला आहे, तो काढून समोर ठेवा. ‘नेमकं काय झालं मॅडम’ हा प्रश्न मला आता फोनवर कोणीही विचारायचा नाही. लेखी सांगते, एकदाच.

सासूबाईंचा वाढदिवस यंदा गुरुवारी आला. त्या गुरुवारी मासे खात नाहीत. माझी मुलगी व्हीगन आहे, म्हणजे दूध, दही, तूप, मध यातलं काहीही घेत नाही. बाकी आम्ही सगळे मासे खाणारे, मूळचे सिंधुदुर्गातले. तुमच्या मेन्यूवर ‘कोकणी शाकाहारी थाळी’ आहे, आणि सोलकढीपुढे हिरवं पान काढून ‘व्हीगन’ असं छापलेलं आहे. ते बघूनच टेबल बुक केलं. बुक करताना दोघींचं काय चालतं आणि काय नाही हे मी फोनवर नीट सांगितलं होतं. ‘सगळं मिळेल मॅडम, निश्चिंत या’ असं उत्तर आलं.

कोकणी शाकाहारी थाळीत काय आलं? पनीर बटर मसाला, दाल फ्राय, तूप चोपडलेल्या चपात्या आणि गुलाबजाम. यात कोकणातलं काय आहे ते मला कळवा. कोथिंबीर वडी मागवली, तिला तळलेल्या बोंबलाचा वास. विचारलं तर कळलं की कढई एकच आहे आणि तेलही तेच. सासूबाईंनी वडी बाजूला सारली आणि आपल्याच वाढदिवसाला डाळभात खाऊन उठल्या. तक्रार केली नाही, त्यांचा स्वभाव नाही तो. म्हणून मी करते आहे.

मग सोलकढी. मुलीने पिण्याआधी वेटरला विचारलं, ‘यात दूध आहे का?’ तो म्हणाला, नारळाचीच आहे. तिने अर्धा ग्लास प्यायली, चव वेगळी लागली, म्हणून पुन्हा विचारलं. तो मुलगा प्रामाणिक होता. आत जाऊन पाकीटच घेऊन आला. नारळाच्या दुधाची पावडर होती. घटकांमध्ये सोडियम केसिनेट, आणि खाली ठळक अक्षरांत दूध असल्याची सूचना. केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन. नारळाच्या दुधाच्या बऱ्याच पावडरींमध्ये ते घालतात, हे तुमच्या खरेदी विभागाला नक्की ठाऊक आहे, कारण ते पाकिटावरच लिहिलेलं असतं. तरीही मेन्यूवर ‘व्हीगन’ छापलंत. तेवढ्यात तुमच्या मॅनेजरने येऊन त्या मुलाच्या हातातून पाकीट ओढून घेतलं आणि सगळ्यांसमोर त्याला झापलं, ‘किचनमधली वस्तू बाहेर आणायची नाही, कितीदा सांगायचं?’ त्या वेटरबद्दल माझी काहीही तक्रार नाही. संपूर्ण संध्याकाळभर खरं बोललेला तो एकटाच होता. या पत्रामुळे त्याला त्रास झाल्याचं कळलं तर ती वेगळी तक्रार होईल.

आता फोनवर जे बोलणं झालं ते सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते कंपनीचं खरं म्हणणं तेच आहे. ग्राहक सेवेने बऱ्याच टोलवाटोलवीनंतर मला वरिष्ठांशी जोडून दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न केला, ‘मॅडम, तुम्ही किती जण होतात?’ मी आकडा सांगितला. ‘त्यातले व्हेज किती?’ मी म्हटलं, दोघी. ‘मग बाकीच्यांचं जेवण चांगलं झालं ना?’ मी म्हटलं, मासे चांगले होते, पण तक्रार माशांची नाही. ते म्हणाले, ‘तेच सांगतोय मॅडम. आमचं सीफूडचं हॉटेल आहे. प्युअर व्हेजवाल्यांसाठी चार दुकानं सोडून उडुपी आहे.’ मी म्हटलं, उडुपी मला माहीत आहे, पण तुमच्या मेन्यूवर जे व्हीगन म्हणून छापलंय त्यात दूध आहे, त्याचं काय? त्यावर त्यांनी विचारलं, ‘दूध म्हणजे नॉनव्हेज आहे का?’ मी पुन्हा समजावलं. मग ते म्हणाले, आणि हे मी शब्दशः लिहिते आहे : ‘तुमच्या मुलीने एक दिवस ॲडजस्ट केलं असतं तर काय बिघडलं असतं? वाढदिवस तिचा थोडीच होता?’

मला काही क्षण बोलताच आलं नाही. माझी मुलगी कोणावर काही लादत नाही. आम्ही तिच्यासमोर सुरमई खातो, ती शांतपणे आपलं ताट जेवते. प्राण्यांच्या दुधाबद्दल तिने स्वतः वाचून, विचार करून हा निर्णय घेतला आहे आणि तो निभावते आहे. सुरुवातीला मी तिच्याशी भांडलेही आहे. पण तिने विचारल्यावर खोटं सांगून तिच्या पोटात दूध घालायचा अधिकार मला नाही, मग तुम्हाला कुठून आला? तिच्या जागी दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असलेलं कोणाचं मूल असतं तर तिथून थेट हॉस्पिटल गाठावं लागलं असतं. तेव्हाही त्याच्या आईला ‘ॲडजस्ट करा’ म्हणाला असतात का? हे मी विचारलं, तर उत्तर आलं, ‘तुम्ही उगाच विषय वाढवताय.’ आणि फोन होल्डवर गेला. होल्डवर तुमची जाहिरात वाजत होती, आईच्या हातच्या चवीची.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून भरपाई म्हणून कूपन आलं. सुरमई थाळीवर सवलतीचं. तक्रार काय आहे हे वाचण्याचीही तसदी कोणी घेतलेली नाही, याहून स्पष्ट पुरावा मला दाखवता येणार नाही.

आता मूळ मुद्दा, कारण पुन्हा पुन्हा मला हेच ऐकवलं गेलं की सीफूडच्या हॉटेलात शाकाहारी पदार्थ म्हणजे ग्राहकांवर केलेले उपकार आहेत. मासे खाणारं मराठी घर तुमच्या कंपनीतल्या कोणी कधी पाहिलेलं नाही का? अशा घरात कोणाचा सोमवार असतो, कोणाचा गुरुवार, कोणाची संकष्टी, आणि श्रावणात तर निम्मं घर सोडतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून दर्या उघडेपर्यंत कित्येक कोळी बोट समुद्रात घालत नाहीत. त्या दिवसांत कोकण उपाशी राहत नाही. मासे खाणाऱ्या माणसांच्या टेबलावर मासे न खाणारं एखादं माणूस जवळपास नेहमीच असतं, आणि कुठे जायचं हे बहुतेक वेळा तेच माणूस ठरवतं.

शिवाय कोकणातल्या स्वयंपाकाला व्हीगन होण्यासाठी काहीच सोडावं लागत नाही. कुळथाची पिठी आणि भात. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळी, जोडीला शेगलाची म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी, हे तर सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला घरोघरी होतं. ओल्या काजूची उसळ, वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, केळफुलाची भाजी, फणसाची भाजी. खाली गोव्यात गेलात तर तिरफळ घातलेलं मिश्र भाज्यांचं खतखतं. गोडात शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस, किंवा काकडीचं धोंडस. यातल्या एकाही पदार्थात दुधाचा थेंब लागत नाही. सोलकढी तर नारळ आणि कोकम यांचीच. ती दुधाची करायला तुम्ही पैसे देऊन पावडर आणलीत. ताजा नारळ फोडून, वाटून, पिळून काढायला माणूस लागतो हे मला कळतं, मी घरी करते. पण मग ‘व्हीगन’ छापू नका. आणि कुळीथ, काळे वाटाणे हे पनीरपेक्षा स्वस्त आहेत आणि महिनोन्महिने टिकतात. धंद्याच्या हिशेबानेही तुमचं म्हणणं टिकत नाही.

कायद्याचं म्हणाल तर ‘दुधाने काय होतं’ हा युक्तिवाद तिथेही चालत नाही. अन्न सुरक्षा व मानके (व्हीगन अन्न) विनियम २०२२ मध्ये आले. त्यांनुसार कोणताही पदार्थ व्हीगन म्हणून विकायचा असेल तर त्यात प्राणिज घटक कोणत्याही टप्प्यावर चालत नाही, पूरक घटक म्हणूनसुद्धा नाही. १० किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थातल्या ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची माहिती द्यावी लागते, आणि त्या यादीत दूध आहे. तुमच्या शाखांची यादी तुमच्याच मेन्यूच्या मागच्या पानावर छापलेली आहे. मी ती मोजली आहे. पाकिटाचा फोटो मुलीने पाकीट ओढून घेण्याआधीच काढला होता. बिलावर तुमचा १४ आकडी परवाना क्रमांक आहे. हे सगळं माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे.

मला पैसे परत नकोत. मला मुलीच्या नावाने लेखी माफी हवी आहे, ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असलं छापील वाक्य नको. चुकीची माहिती दिली, त्यात दूध होतं, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. सोलकढीपुढचं ‘व्हीगन’ सगळ्या शाखांमधून आजच काढा, किंवा सोलकढी खऱ्या नारळाची करा. शाकाहारी तळणासाठी वेगळी कढई आणि वेगळं तेल ठेवा. ते जमत नसेल तर तसं मेन्यूवर लिहा, म्हणजे माझ्या सासूबाईंसारखी माणसं वडी मागवणार नाहीत. आणि ‘ॲडजस्ट करा’ म्हणणाऱ्या तुमच्या वरिष्ठांनी मला एकदा सांगावं की ते वाक्य कंपनीच्या वतीने बोलले की स्वतःचं. कंपनीच्या वतीने असेल तर आमच्याकडून तुम्हाला एकही टेबल यापुढे मिळणार नाही. आमच्या सोसायटीत आणि नातेवाइकांत मासे खाणारी घरं भरपूर आहेत आणि प्रत्येकाच्या घरात कोणाचा ना कोणाचा वार असतोच.

तुमची पहिली शाखा उघडली तेव्हा आम्ही दादरहून खास जेवायला गेलो होतो. तेव्हा शाकाहारी ताटात काळ्या वाटाण्याचं सांबार होतं आणि सोलकढीला ओल्या नारळाचा वास होता. नंतर ते कधी आणि का बंद झालं हे तुमच्या नोंदीत असेल. जेव्हा चार शाखा होत्या तेव्हा जमत होतं, आणि आता का जमत नाही, याचं उत्तर मला मनापासून हवं आहे, कारण त्या हॉटेलचं मला कौतुक होतं आणि मी स्वतः किती जणांना तिथे पाठवलं आहे.

सात दिवसांत लेखी उत्तर न आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे फोटो आणि बिलासह तक्रार करेन, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवेन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. सुरमईचं कूपन याच पत्रासोबत परत पाठवते आहे. फोन करू नका.

एक ग्राहक,
ठाणे

सोबत : बिलाची प्रत, पाकिटाचा फोटो, मेन्यूच्या पानाचा फोटो, कूपन