ग्योट्झचा लोखंडी हात: थोडी दुरुस्ती हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जर्मन सरदार ग्योट्झ फॉन बर्लिशिंगेन (१४८०–१५६२) याच्यावर लेख आला, याचा आनंद झाला. मराठीत हा माणूस क्वचितच भेटतो. पण तोफगोळ्याने हात तुटलेला, लोखंडी हाताने तलवार गाजवणारा, गरिबांसाठी सावकारांना लुटणारा आणि शेवटी तुरुंगात मेलेला असा जो वीर लेखात उभा राहिला, तो खरा ग्योट्झ नव्हे. शाळेतली मुले पुरवणीची कात्रणे जपून ठेवतात, म्हणून हे पत्र.

हातापासून सुरुवात करतो. १५०४ साली बव्हेरियाच्या वारसायुद्धात लांड्सहूटपुढे तो लढत होता. त्याचे दोन भाऊ त्या वेळी विरुद्ध बाजूला होते. त्याच्याच बाजूच्या न्यूरेंबर्ग शहराच्या तोफांनी मित्र-शत्रू न पाहता मारा केला, असे त्याने स्वतः आठवणींत लिहून ठेवले आहे. गोळा हाताला लागलाच नाही. तो त्याच्याच तलवारीच्या मुठीवर बसला आणि मुठीचा तुकडा चिलखताच्या पट्ट्यांसकट उजव्या हातात घुसला, आणि पंजा गेला. त्यानंतर १५०५च्या वसंताच्या तोंडापर्यंत तो लांड्सहूटातच अंथरुणावर होता.

त्याचे दोन कृत्रिम हात आजही याग्स्टहाउझेनच्या गढीत पाहायला मिळतात. पहिला साधा, बोटे जोडीजोडीने वळणारा. दुसरा सुमारे दीड किलोचा, आणि खरी कारागिरी त्यातच आहे. प्रत्येक बोट सांध्यासांध्यात वाकते. आत दातेरी चाके, खटके आणि स्प्रिंगा आहेत. डाव्या हाताने किंवा टेबलावर दाबून बोट वाकवायचे, खटका दातात बसला की ते तिथेच अडकते. कळ दाबली की स्प्रिंग बोटाला पुन्हा सरळ करते. आपल्या सोलापुरात हे समजावून सांगायची गरज नाही: यंत्रमागावर कापड गुंडाळणारा रोलर एकेक दात पुढे सरकतो आणि खटक्यामुळे मागे फिरत नाही, तेच हे तत्त्व.

म्हणजे हा हात आपणहून काहीही पकडत नाही. बोटे उघडण्याच्या दिशेने ओढ आली की खटका दातात अधिकच घट्ट रुततो. म्हणून घोड्याचा लगाम धरायला तो उत्तम, कारण तिथे ओढ एकसारखी असते. तलवारीचे गणित वेगळे आहे. वार मनगटाच्या झटक्यातून आणि बोटांच्या क्षणोक्षणी बदलणाऱ्या पकडीतून निघतो, आणि ते या हाताला जमत नाही. शिवाय प्रत्येक घावाचा उलटा धक्का त्या बारीक दातांवर आणि खिळ्यांवर बसणार. खऱ्या पंज्याचे वजन जेमतेम चारशे-पाचशे ग्रॅम असते. त्याच्या तिप्पट ओझे चामडी पट्ट्यांनी थोट्या हाताच्या टोकाला बांधले की कातडी सोलवटते, म्हणून आत अस्तर लागते. लोखंडाला तेल दिले नाही तर गंज खटके जाम करतो. जर्मनीत ऑफेनबर्गच्या संशोधकांनी पहिल्या हाताची रचना संगणकावर उभी करून त्रिमितीय छपाईने घडवली, तेव्हाही हलक्या वस्तू नीट धरता येतात हेच दिसले.

आता ‘गरिबांचा कैवारी’ याबद्दल. याला थोडासा आधार आहे: स्टुटगार्टच्या हान्स झिंडेलफिंगर या शिंप्याला नेमबाजीच्या बक्षिसाचे शंभर गुल्डन (त्या काळचे जर्मन नाणे) कोलोन शहराने दिले नाहीत, म्हणून ग्योट्झने त्या शहराशी वैर, म्हणजे खासगी युद्ध, पुकारले. पण हा प्रसंग एकटा काढून दाखवणे बरोबर नाही. वैर हा त्या सरदार वर्गाचा रीतसर धंदा होता. जर्मन सम्राटाच्या १३५६च्या फर्मानानुसार आधी तीन दिवस लेखी पत्र द्यायचे, मग गुरेढोरे हाकायची, गावे जाळायची, व्यापारी पकडायचे. मारण्यात फायदा नसे, जिवंत कैद्याची खंडणी मिळे.

लेखात सर्वांत मोठी गोष्ट राहून गेली. १४९५ साली वोर्म्स शहरात भरलेल्या साम्राज्याच्या सभेत ही सगळी खासगी वैरे कायमची बेकायदा ठरवली गेली, आणि पंधरा वर्षांचा ग्योट्झ नातलग कोनराड याच्यासोबत त्या सभेला गेला होता. पुढची त्याची सगळी कारकीर्द ही त्या बंदीनंतरची आहे! १५१२मध्ये लाइपझिगच्या बाजारातून परतणारे न्यूरेंबर्गचे व्यापारी त्याने फोर्शहाइमजवळ लुटले, आणि ते व्यापारी तेव्हा बांबेर्गच्या बिशपच्या संरक्षणात होते. सम्राटाने त्याला बहिष्कृत केले, म्हणजे कायद्याचे संरक्षण काढून घेतले. १४,००० गुल्डन भरल्यावर १५१४मध्ये तो त्यातून सुटला. १५१६मध्ये वाल्डेकच्या काउंटला पकडून आठ हजारांहून अधिक गुल्डन वसूल केले, आणि पुढच्याच वर्षी ६,५०० गुल्डनला होर्नबर्गचा किल्ला विकत घेतला. या दोन आकड्यांकडे पाहिले की कैवाराचा मामला आपोआप उलगडतो.

१५२५च्या शेतकरी उठावात त्याने ओडेनवाल्ड भागातल्या शेतकऱ्यांच्या टोळीचे नेतृत्व केले हे खरे, पण चार आठवड्यांच्या मुदतीवर. आपल्याला जबरदस्तीने नेमले, असे त्याने पुढे सांगितले. २ जूनला क्योनिग्सहोफेनला शेतकऱ्यांची कत्तल झाली, तेव्हा तो निघून गेलेला होता. मला हे त्याच्या आयुष्यातले सर्वांत लाजिरवाणे पान वाटते.

आणि तुरुंगातले मरण? ते जर्मन कवी ग्योटेच्या १७७३च्या नाटकातले. खरा ग्योट्झ शेतकरी उठावानंतर झालेल्या आउग्सबुर्गच्या कैदेतून १५३०मध्ये सुटला, होर्नबर्गच्या हद्दीत राहण्याच्या अटीवर. सम्राट पाचव्या चार्ल्सने ती अट उठवल्यावर साठी ओलांडलेला हा गडी १५४२मध्ये तुर्कांविरुद्ध हंगेरीला आणि १५४४मध्ये फ्रान्सवर चालून गेला. २३ जुलै १५६२ रोजी तो होर्नबर्गलाच वारला. त्याची कबर श्योन्टालच्या मठात आहे.

दुरुस्ती छापणार असाल, तर सोबत ख्रिस्टियन फॉन मेखेल यांनी १८१५ साली बर्लिनमध्ये प्रसिद्ध केलेली त्या दुसऱ्या हाताची चित्रे जरूर द्यावीत. त्यांत आतली रचना उघडून दाखवली आहे. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना ती पाहून लाकडात किंवा पत्र्यात एक बोट तरी करता येईल.

आपला,
एक वाचक
अशोक चौक, सोलापूर