साकवाची पाहणी खालून करा

महोदय,

'साकव वाकलेला दिसत नाही, त्यामुळे धोका नाही' हा आमच्या वाड्यावरच्या साकवाबद्दल (लहान पुलाबद्दल) आपल्या अंकातील बातमीत आलेला पंचायतीचा खुलासा वाचला. तो मुळीच पटला नाही.

दोन टोकांना टेकलेली तुळई भाराखाली वाकते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. सर्वाधिक ताण साधारणपणे मध्यावर, तळाशी येतो. काँक्रीट दाब चांगला सोसते. ताण सोसण्याची त्याची ताकद मात्र दाब सोसण्याच्या ताकदीच्या सुमारे एक दशांशच. म्हणून तो ताण तळातल्या लोखंडी सळ्या घेतात, आणि आपल्या पावसात, खाऱ्या हवेत गंजतात त्याही याच सळ्या.

या साकवाखाली मी ओहोटीला उतरलो होतो. वर गुळगुळीत डांबर, नुकताच रंगवलेला कठडा. खाली पोपडे सुटून सळी उघडी पडलेली. बोटाने चोळताच गंजाचे पापुद्रे हाती आले. रस्त्यावरून यातले काहीच दिसत नाही. शिवाय एवढ्या लहान गाळ्याची (दोन आधारांमधल्या अंतराची) तुळई लवते ती काही मिलिमीटर. नजरेला ते कळणार कसे?

१८ मे २०१७ रोजी सावर्डे नदीवरचा पोर्तुगीजकालीन पादचारी पूल बघ्यांच्या गर्दीखाली कोसळला, माणसे दगावली. पंचायतीने पावसाळ्यापूर्वी अभियंत्याला साकवाखाली उतरवावे. सळ्या शाबूत असतील तरच ठरावीक भार मध्यावर ठेवून तुळई किती लवते आणि भार काढल्यावर किती पूर्ववत होते, ते मोजून आकडे फलकावर लावावेत.

– एक वाचक, फोंडा