व्याज कोण देतो, या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

पुणे,
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गुरुवारी फोनवर आई बोलता बोलता म्हणाली की, धाकट्या काकांच्या मुलाने कसल्याशा नव्या नाण्याची योजना आणली आहे, तिच्या बैठका भुसावळच्या एका हॉटेलात होतात आणि कपाशीचे पैसे हाती आले की त्यातले 3 लाख त्याला द्यावेत, असा बाबांचा विचार चालला आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे देऊ नका, एवढे मी तेव्हाच सांगू शकले असते. पण तुम्ही कारण विचारले असते, आणि ते कारण जवळजवळ चार वर्षे मी तुमच्यापासून लपवून ठेवले आहे. समोर बसून मला ते सगळे सांगता येणार नाही आणि अर्धे सांगून चालणार नाही, म्हणून लिहिते आहे.

2018 साली केळीच्या पैशांतून बाबांनी चोपड्याच्या बँकेत माझ्या नावावर दीड लाखाची मुदत ठेव केली होती. ती ठेव जानेवारी 2022 मध्ये मी मोबाइलवरूनच मुदतीआधी मोडली. हाती 1,86,000 रुपये आले. नंतर आईने दोनदा विचारले, तेव्हा ठेवीचे नूतनीकरण केले आहे असे मी सांगितले. ते खोटे होते. आईच्या लोखंडी कपाटात शालूच्या घडीखाली जपून ठेवलेली पावती तेव्हापासून नुसता कागद आहे.

त्या काळात आजूबाजूला काय चालले होते ते सांगते, पण त्यामुळे माझी चूक लहान होत नाही. 2021 मध्ये क्रिकेटच्या सामन्यांत दर थोड्या वेळाने आभासी चलनांच्या, म्हणजे फक्त संगणकावर असणाऱ्या नाण्यांच्या, जाहिराती लागत असत. नोव्हेंबरात त्यांतल्या बिटकॉइन या नाण्याचा भाव 69,000 डॉलरपर्यंत गेला होता, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसे, आणि बँकेत मुदत ठेवीला जेमतेम साडेपाच टक्के व्याज मिळत होते. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द केले. पुढे 1 फेब्रुवारी 2022 च्या अर्थसंकल्पात सरकारने या नफ्यावर 30 टक्के कर लावला. कर लावला म्हणजे मान्यताच दिली, असा सोयीचा अर्थ आम्ही सगळ्यांनी काढला. कर घेणे आणि तुमच्या पैशाची हमी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकलेल्या माणसाला कळायला हवे होते.

माझ्या स्वतःच्या बचतीतले 1,60,000 रुपये मी चार लहान नाण्यांत घातले. त्यांची नावे लिहीत नाही, कारण आज ती कोणाला आठवतही नाहीत. ठेवीचे पैसे मात्र मी, माझ्या समजुतीप्रमाणे, सुरक्षित जागी ठेवले. एक अ‍ॅप होते. त्यात डॉलरशी भाव बांधलेले 'स्थिर' नाणे विकत घेऊन ठेवले की वर्षाला 12 टक्के व्याज मिळत असे आणि रोज सकाळी किती व्याज जमा झाले ते दिसत असे. भाव वरखाली होणार नाही आणि व्याज बँकेच्या दुपटीहून जास्त, मग यात धोका कुठे आहे, असे मला मनापासून वाटत होते.

बाबा, त्या वर्षीची आखाजी तुम्हाला आठवते का? 3 मे 2022. घागर भरून झाली होती, आई आत आमरस करत होती, आणि ओट्यावर बसून मी तुम्हाला मोबाइलमध्ये माझे व्याज दाखवले. ठेवीचे पैसे आहेत हे सांगितले नाही, पगारातून वाचवलेले आहेत असे भासवले. तुम्ही चष्मा लावून बराच वेळ ते आकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "पन हाई व्याज कोन दी ऱ्हायना?" मी सांगितले की अ‍ॅप देते. तुम्ही म्हणालात की अ‍ॅप काही नांगर धरत नाही, त्याला कोणीतरी देत असेल तेव्हाच ते तुला देत असेल. तर तो कर्ज घेणारा कोण, आणि त्याने तारण काय ठेवले आहे? मला उत्तर देता आले नाही. हे नवे तंत्र आहे, तुम्हाला समजणार नाही, असे म्हणून मी मोबाइल खिशात घातला.

हा प्रश्न तुम्हाला पुस्तकातून सुचलेला नव्हता. मी शाळेत असताना तुमचे 85,000 रुपये पतसंस्थेत अडकले होते. बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त व्याज मिळते म्हणून गावातल्या निम्म्या घरांनी तिथे ठेवी ठेवल्या होत्या. एकदा सुट्टीत तुम्ही मला बरोबर जळगावला नेले होते. शटर अर्धे ओढलेले, त्यावर चिकटवलेली सूचना, पायऱ्यांवर खेड्यापाड्यांतून आलेली म्हातारी माणसे आणि प्रत्येकाच्या हातात पावत्यांची प्लॅस्टिकची पिशवी. तुमची पिशवी खताच्या दुकानातली होती, हिरवी. आईने बांधून दिलेली कळण्याची भाकरी तुम्ही मला खाऊ घातलीत आणि स्वतः दिवसभर काही खाल्ले नाहीत. संध्याकाळी एक माणूस येऊन पावती तिच्या रकमेच्या 30 टक्क्यांना विकत घेतो असे पायऱ्यांवर सांगत फिरत होता, आणि तुमच्या शेजारी बसलेल्या आजोबांनी मुलीच्या लग्नासाठी म्हणून त्याला ती दिली. हे सगळे मी डोळ्यांनी पाहिले होते. तरीही तुमच्या प्रश्नामागे ती पायरी आहे, हे आखाजीच्या दिवशी माझ्या लक्षात आले नाही.

त्यानंतर चार दिवसांनी, 7 मे रोजी, टेरायूएसडी नावाचे मोठे स्थिर नाणे डगमगू लागले. माझे पैसे त्यात नव्हते, पण त्याची गोष्ट सांगते, कारण बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले. हे नाणे 1 डॉलरचे समजले जाई, पण त्यामागे रोख डॉलर ठेवलेले नव्हते. हमी एवढीच होती की, एक नाणे परत केले की 1 डॉलर किमतीची 'लुना' ही त्याच कंपनीची दुसरी नाणी मिळतील. म्हणजे ठेवीदार पैसे मागायला आला की पतसंस्थेने त्याला रोख न देता आपलेच शेअर छापून हातात ठेवावेत, तसे. एक-दोन माणसे आली तर हे निभावते. सगळे एकदम आले की जितके शेअर छापावेत तितकी त्यांची किंमत घसरते, आणि किंमत घसरली की आणखी छापावे लागतात. लुना नाण्यांची संख्या सुमारे 34 कोटी होती, ती काही दिवसांत साडेसहा लाख कोटींवर गेली. आखाजीच्या दिवशी 80 डॉलरच्या आसपास असलेला लुनाचा भाव 13 मे रोजी एका सेंटहूनही कमी झाला होता.

लोकांनी हे नाणे इतके घेतले कशासाठी? व्याजासाठी. अँकर नावाच्या एका ठिकाणी ते ठेवले की वर्षाला साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत असे, आणि त्या नाण्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश तिथेच पडून होती. कर्ज घेणाऱ्यांकडून येणारे व्याज ठेवीदारांना द्यायच्या व्याजाला पुरत नव्हते. कमी पडणारी रक्कम राखीव निधीतून भरली जात होती, तो आटत आला तेव्हा फेब्रुवारी 2022 मध्ये नाणे चालवणाऱ्यांच्याच संस्थेने त्यात 45 कोटी डॉलर ओतले. म्हणजे व्याज कमावलेले नव्हते, ठेवी याव्यात म्हणून वाटलेले होते. कंपनीचा संस्थापक डो क्वोन याने यंदाच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आहे.

या पडझडीची झळ पुढे ज्यांनी ज्यांनी एकमेकांना उसने दिले होते त्या सगळ्यांना लागली. सेल्सियस या अशाच व्याज देणाऱ्या मोठ्या अमेरिकी कंपनीने 12 जून रोजी पैसे काढणे थांबवले, आणि जुलैत माझ्या अ‍ॅपनेही. त्या दिवशी सकाळी पैसे काढण्याचे बटण राखाडी झाले होते आणि दाबले तरी काही होत नव्हते; वर मात्र व्याजाचा आकडा नेहमीसारखा दिसत होता. आमचे पैसे अ‍ॅपने कोणाकोणाला कर्जाऊ दिले होते, त्यांतले काही स्वतःच बुडाले होते, आणि ही परवानगी आम्ही खाते उघडताना न वाचता दिलेली होती. तेव्हापासून पैसे परत करण्याच्या परदेशातल्या प्रक्रियेचे मेल येतात, अर्ज भरावे लागतात. आजवर 1,86,000 पैकी 38,000 रुपये परत आले आहेत. बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. तो पतसंस्थेला नव्हता आणि माझ्या अ‍ॅपलाही नव्हता. व्याजाचा दर पाहताना मी ही एवढी साधी गोष्ट पाहिली नाही.

चार लहान नाण्यांचे आज 6,000 रुपयेही येत नाहीत. कराचे सांगते, कारण हे तरुण मुलांना कोणी सांगत नाही: एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. जुन्या एका व्यवहारात मला 18,000 रुपये नफा झाला होता. बाकी सगळे बुडालेले असताना त्या 18,000 वर मी उपकरासह 5,616 रुपये कर भरला.

काकांचा मुलगा म्हणेल की बिटकॉइन तर पुन्हा वर गेला. ते खरे आहे, डिसेंबर 2024 मध्ये तो 1 लाख डॉलरच्याही पुढे गेला. पण त्याने आणलेली योजना बिटकॉइनची नाही, आणि माझे पैसे भाव पडल्यामुळे बुडाले नाहीत, ते दुसऱ्याच्या हातात होते म्हणून बुडाले. माझ्या खात्यात जे दिसत होते ती फक्त पडद्यावरची नोंद होती. एफटीएक्स या अशा नाण्यांच्या एका मोठ्या बाजाराचे ग्राहकही नोव्हेंबर 2022 मध्ये अशाच नोंदी पाहत बसले होते, आणि त्यांचे पैसे मालकाच्याच दुसऱ्या कंपनीने वापरून टाकले होते. त्याला 25 वर्षांची शिक्षा झाली.

आईने सांगितले त्यावरून भुसावळच्या योजनेत महिन्याला 8 टक्के मिळतात आणि आणखी दोन माणसे जोडली की कमिशन मिळते. गेन बिटकॉइन नावाच्या योजनेत महिन्याला 10 टक्के, तेही 18 महिने, देण्याचे वचन होते. पुण्यासह राज्यात अनेक ठिकाणी तक्रारी झाल्या आणि ती चालवणाऱ्या अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी 2018 मध्ये अटक केली. बिटकॉइनमध्ये परतावा देणे जमेना तेव्हा त्यांनी एमकॅप नावाचे स्वतःचेच नाणे काढून लोकांच्या माथी मारले होते. पुन्हा तेच, रोख मागणाऱ्याला आपला कागद. महिन्याला 8 टक्के या दराने 3 लाखांवर दरमहा 24,000 रुपये होतात. बाबा, तुम्ही आयुष्यभर केळी लावलीत. कांदेबाग असो की पीलबाग, इतक्या पैशावर दर महिन्याला 24,000 देणारे एकही पीक तुम्ही पाहिले नाही. मग ते कोण पिकवते आहे?

तो मुलगा वाईट नाही, हे मला माहीत आहे. पहिले दोन महिने त्याला पैसे मिळालेही असतील आणि म्हणूनच तो मनापासून सांगत असेल. मीही ऑफिसातल्या दोन मैत्रिणींना ते अ‍ॅप असेच मनापासून सांगितले होते. त्यांतल्या एकीचे 70,000 रुपये त्यात अडकले. ती मला काही बोलली नाही, पण आमचे पहिल्यासारखे बोलणे राहिलेले नाही. त्याने गावातल्या कोणाकोणाला जोडले आहे ते मोकळेपणाने विचारा, कारण उद्या ती माणसे तुमच्याच ओट्यावर येतील.

ठेव मोडल्याबद्दल मी तुमची क्षमा मागते. त्याहून अधिक क्षमा मागते ती आईला दोनदा खोटे सांगितले म्हणून, आणि हे तंत्र तुम्हाला समजणार नाही असे बाबांना म्हटले म्हणून. गेली तीन वर्षे पगारातून बाजूला काढून मी 1,86,000 रुपये पुन्हा जमवले आणि ते त्याच बँकेत, या वेळी तुम्हा दोघांच्या नावावर ठेवायचे ठरवले आहे. फॉर्मवर तुमच्या सह्या लागतील. मधल्या वर्षांचे व्याज अजून माझ्याकडे राहिले आहे. ते मी हिशेब करून एका कागदावर लिहिले आहे आणि तो कागद सोबत आणीन.

येत्या शनिवारी रात्रीच्या बसने निघून रविवारी सकाळी मी चोपड्याला उतरेन. तोवर काकांच्या मुलाला काही देऊ नका, आणि रविवारी दुपारी त्याला जेवायलाच बोलवा. मी त्याला माझ्या मोबाइलमधले राखाडी बटण दाखवीन. आखाजीला मला विचारलेला प्रश्न बाबांनी त्याला विचारावा, आणि त्याचे उत्तर पूर्ण होईपर्यंत आपण कोणी मध्ये बोलू नये.

आईने कपाटातली जुनी पावती काढून ठेवावी, बँकेत जाताना ती बरोबर घेऊ.

तुमची लेक