फोटोत गाई, हायवेला खोकी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत नेदरलँड्सच्या शहर नियोजनावरचा लेख वाचला. मी बारा वर्षं इथे झूटरमेरला राहतेय म्हणून राहवलं नाही. लेख खोटा नाहीये हो, पण शिळा आहे. ज्या प्लॅनिंगचं कौतुक केलंय ते इथल्याच सरकारने मधे स्वतःच्या हाताने मोडीत काढलं आणि आता तेच परत जुळवायची धावपळ चाललीय, ते लेखात कुठेच नाही.

आधी चांगलं सांगते. १९६६ च्या राष्ट्रीय आराखड्यात असा हिशोब होता की २००० सालापर्यंत लोकसंख्या २ कोटी होणार (झाली नाही, १ कोटी ८० लाखांचा आकडाच २०२४ मध्ये गाठला), तर शहरं वाट्टेल तशी पसरू द्यायची नाहीत, काही ठरावीक गावं वाढवायची आणि मधली कुरणं मोकळी ठेवायची. आमचं झूटरमेर त्यातलंच, साठ वर्षांपूर्वी दहा हजारांच्या आतबाहेरचं खेडं, आज सव्वा लाखाचं शहर. हेग, डेल्फ्ट आणि रॉटरडॅम एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सरकारने मधल्या जमिनी चक्क विकत घेतल्या. आणि दुसरीकडे हायस्पीड रेल्वेसाठी ७ किलोमीटरचा बोगदा खणला, तो डोंगराखालून नाही, सपाट कुरणाखालून! वर गाई चरतात, खालून ट्रेन जाते. मला तर पहिल्यांदा कोणी थट्टा करतंय असंच वाटलं होतं.

मग २०१० मध्ये नियोजनाचं खातंच बंद करून रस्ते-पाणी खात्यात घातलं आणि २०१२ च्या नव्या धोरणात शहरांमधले ते मोकळे पट्टे, राष्ट्रीय महत्त्वाचे भूभाग, सगळ्यावरून केंद्राने हात काढून घेतला, आता प्रांत आणि नगरपालिका बघून घेतील म्हणे. २०१७ मध्ये गृहनिर्माण मंत्री राहिलेले स्टेफ ब्लॉक तर अख्खं खातं गायब करणारा आपल्या पक्षातला मी पहिलाच, असं अभिमानाने सांगत होते.

नगरपालिकेने काय बघून घेतलं ते ट्रेनच्या खिडकीतून दिसतं. मी रोज गाउडाकडे जाते. ए-१२ हायवेला लागून ब्लाइसवाइक, वॉडिंक्सवेन या बाजूला वेअरहाऊसं उभी राहिलीत, करड्या पत्र्याची, एकाही मजल्याला खिडकी नाही, एक संपलं की दुसरं. डचमध्ये याला शब्दच आहे, फरडोझिंग, म्हणजे 'खोकी-खोकी होणं'. प्रत्येक गावाला जमीन विकून पैसा आणि नोकऱ्या हव्यात, शेजारच्या गावाने काय बांधलंय ते बघायचं काम कोणाचंच नाही. आणि खोक्यांना जागा मिळाली तरी घरं कमीच, तुटवडा ४ लाखांच्या आसपास आहे. पुण्याहून नवीन आलेली आयटीतली मुलं पहिले दोन-तीन महिने कोणाच्या तरी सोफ्यावर काढतात, आमच्या सोफ्यानेही तिघं बघितलीत.

आता गाडी उलटी फिरलीय. २०२२ मध्ये नियोजनाला परत मंत्री मिळाला, २०२४ मध्ये स्वतंत्र खातं आलं आणि गंमत म्हणजे नाव तेच, १९६५ मध्ये ठेवलं होतं ते, गृहनिर्माण आणि नियोजन. पण मधल्या दहा-बारा वर्षांत जागा मागणारे वाढले ना! वर्षाला १ लाख घरं हवीत, पवनचक्क्या हव्यात, वीजवाहिन्या हव्यात, शिवाय २०१९ मध्ये नायट्रोजन प्रदूषणावर कोर्टाने दिलेल्या निकालाने कितीतरी बांधकामं अडकली. प्राधान्य कशाला द्यायचं हे दर सरकारगणिक बदलतं. २०२२ च्या शेवटी जाहीर केलं की कुठे बांधायचं ते पाणी आणि माती ठरवेल, मग सरकार बदललं आणि दोन वर्षांत 'ठरवेल'चं 'विचारात घेऊ' झालं. आमच्या जवळच झाउडप्लासपोल्डर आहे (पोल्डर म्हणजे पाणी उपसून कोरडी केलेली जमीन), काही ठिकाणी समुद्रसपाटीपासून सहा मीटरहून जास्त खाली, देशातली सगळ्यात खोल जागा त्यातच, तिथे ८,००० घरांचं नवं गाव वसवायचं चाललंय. त्यावर आमचे शेजारचे आजोबा एवढंच म्हणाले, पंप चांगले घ्या.

तुमच्या लेखासोबतचा कुरणाचा फोटो छान होता, गाई पण गोड होत्या. पुढच्या वेळी ए-१२ चाही एक टाका, हवा तर मी ट्रेनमधून काढून पाठवते, फक्त काच स्वच्छ असली पाहिजे.

आपली एक वाचक,
झूटरमेर, नेदरलँड्स